स्लाइडची कड

ज्या शब्दाने माणसाचा जीव जातो तो शब्द भारी मोठा असावा लागतो, असं कोणी सांगितलं तर खुशाल हसावं. सोजर रोकडेने लिहिलेला शब्द होता 'पुरेशा'. चिंचवडच्या एका इस्पितळातल्या लॅबमध्ये ती तीन वर्षं टेक्निशियन होती. मॅरोच्या, म्हणजे हाडाच्या पोकळीतल्या मगजाच्या, प्रत्येक रिपोर्टावर एका ठरावीक ओळीपुढे ती हा शब्द लिहीत आली होती. रिपोर्ट इंग्रजीत असायचा, पण त्याचा मराठी अर्थ एवढाच: मोठ्या पेशी, पुरेशा.

हे तिला लॅबनेच शिकवलं होतं. मॅरोचा थेंब काचेवर ठेवून दुसऱ्या काचेने ओढला की तो पातळ पसरतो. बारक्या पेशी मधोमध राहतात. ही मोठी पेशी मात्र ओढली जाऊन स्लाइडच्या कडेला, शेपटाशी जाऊन पडते. मध्ये बघणाऱ्याला ती सहसा दिसत नाही. सगळी कड धुंडाळायची तर एका माणसाच्या स्लाइडींमध्ये अर्धा दिवस जातो, आणि लॅबच्या खिडकीत तर सकाळपासून लघवीच्या बाटल्यांची रांग लागलेली. म्हणून पहिल्याच महिन्यात डॉक्टर परचुऱ्यांनी तिला सांगून टाकलं होतं, "रोकडेबाई, त्या मध्ये दिसणार नाहीत. कडेला असतातच. पुरेशा लिहा आणि मोकळ्या व्हा." त्या 'असतातच'वर सगळी लॅब चालली होती. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, पण जात्याचा आवाज येतोय ना, मग कोण कशाला उठून बघतो.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत सोजरचा थोरला भाऊ भीमराज त्याच इस्पितळात दाखल झाला, तोवर हे असंच चाललं होतं.

भीमराज भोसरीला रबरी पट्टे बनवणाऱ्या एका कंपनीत सोल्युशन-खोलीत कामाला होता. पट्ट्याचे थर एकमेकांना चिकटवायचे, तर कच्चं रबर बेंझॉल नावाच्या उग्र रसायनात विरघळवून तो लगदा ब्रशाने फासायचा. बावीस माणसं, एक दार, वर एक पंखा. पंखा बहुतेक वेळा बंदच असे, कारण वारं लागलं की सोल्युशन लवकर वाळतं. शिफ्ट सुटली की हाताला चिकटलेलं काळं साबणाला दाद देत नसे. मग सगळे त्याच बेंझॉलच्या डब्यात कोपरापर्यंत हात बुडवून धूत. बेंझॉलच्या वाफेवर उपाय म्हणून कंपनी रोज माणशी गुळाचा एक खडा देत असे. गूळ खाल्ला की वाफ रक्तात राहत नाही, असं परचुरे सांगत. मंगळवारी आणि शुक्रवारी परचुरे त्या कंपनीचे डॉक्टर असत, उरलेले दिवस इस्पितळाचे.

चार वर्षं भीमराजने इमानाने गूळ खाल्ला. त्याच खोलीतल्या ओव्हरटाइमवर सोजरचं लॅबचं शिक्षण झालं होतं. तो कधी बोलून दाखवत नसे आणि ती कधी विसरत नसे. हिरड्यांतून रक्त येतं हे त्याने महिनाभर लपवलं, राखुंडीने येतं म्हणाला. मग नडग्यांवर बारीक तांबडे ठिपके उठले, कुठे आपटल्याशिवाय दंडावर काळेनिळे डाग पडले. एका सकाळी नाकातलं रक्त थांबेना तेव्हा गडी टॉवेल धरून कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून आला. सोजरने स्वतः रक्त काढलं आणि प्लेटलेट मोजल्या. रक्ताला बांध घालणाऱ्या या कणिका दीड लाखाच्या वर असायला हव्यात. निघाल्या अठरा हजार.

परचुऱ्यांनी त्याच्या छातीच्या हाडात सुई घातली तेव्हा भीमराजने खाटेचा गज घट्ट धरला आणि बहिणीकडे बघून डोळा मारला. तिने सात स्लाइडी ओढल्या. हात धूत परचुरे म्हणाले, "अंगच स्वतःच्या प्लेटलेट खातंय. होतं असं कुणाकुणाला, त्याला कारण नसतं. गोळ्या चालू करतो. पंधरा दिवसांत कामावर जाईल. तुमचा रिपोर्ट तेवढा संध्याकाळपर्यंत टाका."

पंधरा दिवसांत कामावर, म्हणजे परत त्याच खोलीत. सोजर मायक्रोस्कोपपाशी बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने नजर स्लाइडच्या कडेला नेली.

रक्ताचं सगळं गोत एका मुळातून येतं, असं तिला शिकवलं होतं. मॅरोमध्ये थोड्याशा मूळपेशी असतात. दिसायला इतक्या साध्या की हीच ती असं बोट ठेवून कोणी सांगू शकत नाही. त्यांच्यातली एखादी लाल पेशींच्या वाटेला लागते, एखादी पांढऱ्या, आणि एखादी या मोठ्या पेशीच्या वाटेला. ही वाट सगळ्यांत न्यारी. इतर पेशी वाढल्या की एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. ही दुभंगतच नाही. आतलं केंद्र दुप्पट होतं, चौपट, आठपट, सोळापट, पण पेशी एकच राहते आणि नुसती वाढत जाते. पुरी वाढली की तिच्या अंगाचे हजारो तुकडे सुटून रक्तात जातात, आणि ते तुकडे म्हणजेच प्लेटलेट. परातीत मोठा गोळा मळावा आणि त्याचे उंडे तोडावेत, तसंच हे.

तेव्हा अठरा हजारांचे अर्थ दोन. गोळा परातीत आहे पण उंडे कोणी पळवतंय, तर परचुरे खरे. नाहीतर परातीत पीठच नाही. मग कोणीतरी मुळावरच घाव घातला आहे, आणि ज्या खोलीत तो घातला तिथे भीमराजला परत धाडणं म्हणजे मारणं.

पहिल्या स्लाइडच्या कडेला पेशींच्या जागी चरबीच्या तेलाचे गोल थेंब होते आणि मधून मधून चुकार पेशी. दुसरीतही तेच. जेवणाची सुट्टी झाली, लॅबमधल्या बाया डबे घेऊन आल्या, ही उठली नाही. तिसरी, चौथी, पाचवी. आता दिसेल, मग दिसेल, असं ती मनात म्हणत राहिली. काही न सापडावं म्हणून नाही, सापडावं म्हणून ती शोधत होती, हे कोणी विसरू नये. सातव्या स्लाइडचं शेपूट संपलं तेव्हा चार वाजले होते आणि मोठी पेशी एकही नव्हती.

मग तिला काय आठवलं कोण जाणे, तिने कपाटातून जुन्या स्लाइडींची लाकडी पेटी काढली. त्याच कंपनीचे, त्याच खोलीतले दोन कामगार आधी येऊन गेले होते. खंडू दीड वर्षापूर्वी वारला होता आणि कोंडाजी गेल्या दिवाळीत. रात्री उशिरापर्यंत बसून दोघांच्याही कडा तिने बघितल्या. तेल, तेल आणि तेल. फायलीत दोघांचे रिपोर्ट होते, दोन्हींवर 'पुरेशा', आणि शेजारी तिच्याच वळणदार अक्षरात सही. सोजरला शरम वाटली आणि रागही आला. शरमेने माणूस खाली बसतो. रागाने ती उभी राहिली ते बरं झालं.

जुन्या दोन रिपोर्टांवरचा शब्द तिने लाल शाईने खोडला, भीमराजचा धरून तिन्हींवर 'एकही नाही' असं लिहिलं, आणि जुन्या दोघांवर खाली आणखी एक ओळ टाकली: आधी न बघता लिहिलं होतं, चूक माझी. ते घेऊन ती सकाळी परचुऱ्यांच्या खोलीत गेली.

परचुऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चार काचांवर नसतील. हाडात असतील."

"प्रत्येकाच्या सगळ्या काचा बघितल्या, डॉक्टर. तीन माणसं, आणि तिन्ही एकाच खोलीतली."

"आधी 'पुरेशा' कोणी लिहिलं?"

"मी."

"मग? उद्या कोणी विचारलं तर आधी नोकरी कुणाची जाईल? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?" त्यांचा आवाज मऊ झाला. "शिकलात, इथवर आलात, घरात पहिल्याच ना तुम्ही? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"मूठ माझी आहे. मीच उघडते."

परचुऱ्यांनी तिन्ही कागद नीट जुळवले, आडवे फाडले, उभे फाडले आणि टोपलीत टाकले. "कंपनीला माझ्या सहीचा रिपोर्ट जाईल. सोमवारपासून तुम्ही लॅबमध्ये आला नाहीत तरी चालेल."

वॉर्डात भीमराजला बाटलीतून रक्त चढत होतं. गोळ्या लागू पडतील की नाही, तो यातून उठेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सोजरने त्याच्यापासून काही लपवलं नाही. खंडूचं सांगितलं, कोंडाजीचं सांगितलं, स्वतःचं आणि फाडलेल्या कागदांचंही सांगितलं.

"खंडूच्या जागंवर आता कोन हाय, ठावं हाय का तुला?" तो म्हणाला. "त्याची बायकू, जाईबाई. कंपनीनं उपकार केल्यागत वारसाला जागा दिली. तीच खोली, तोच बिरूश."

सोजरने पदराने डोळे पुसले.

"कागद फाडलं म्हन्तीस. अन् काचा?"

"काचा पेटीत आहेत."

"मग रडतीस कशाला? कागद आमाला कुठं वाचता येत हुता, सोजे? डोळ्यानं दाव की. शिफ्ट सुटायच्या टायमाला दोन्ही पाळ्या गेटावर असत्यात."

लॅबमध्ये नवा विजेचा मायक्रोस्कोप आल्यापासून जुना, एका डोळ्याने बघायचा, आरशावर चालणारा पितळी मायक्रोस्कोप फडताळात पडून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सोजरने तो फडक्यात बांधला. चोरून नेला नाही. स्टोअरच्या वहीत लिहिलं: मायक्रोस्कोप एक, स्लाइडी बावीस, बाहेर नेल्या, सोजर रोकडे. खाली तारीख घातली आणि भोसरीची बस धरली.

कंपनीच्या गेटासमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. टपरीवाल्याने आधी कां कू केलं, पण भीमराजची बहीण म्हटल्यावर बाकडं पुसून दिलं. तिने मायक्रोस्कोप ठेवला, आरसा उन्हाकडे न धरता उजळ आभाळाकडे वळवला आणि पहिली स्लाइड लावली. ही मोशी गावच्या एका मुलीची. तिच्याही प्लेटलेट कमी झाल्या होत्या, पण मुळावर घाव नव्हता आणि कडेला मोठ्या पेशींची नुसती गर्दी होती. ती मुलगी बरी होऊन शाळेत जात होती.

साडेतीनचा भोंगा झाला आणि पहिली पाळी बाहेर पडली. दुसरी पाळी आत जायला जमली होती. "जयभीम ताई, भीमराज कसाय?" म्हणत दोघंतिघं आले. तिने मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. दुसऱ्या पाळीचा भैरू, मिशा पिकलेला, सोल्युशन-खोलीतला सगळ्यांत जुना गडी, त्याने आधी डोळा लावला.

"हे काय, ढेकळागत जांभळं जांभळं?"

"ती प्रत्येकाच्या हाडात असायला हवी, भैरूमामा. तिचे तुकडे पडतात म्हणून आपलं रक्त थांबतं." मग तिने काच बदलली. "हा भीमराज."

भैरूने बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "ह्यात न्हाई दिसत."

"नाहीच. हा कोंडाजी."

"न्हाई."

भैरू बाजूला झाला आणि त्याने पुढच्याला जागा दिली. रांग आपोआप लागली. कोणी दोन काचा बघून हटला, कोणी सगळ्या बघायच्या म्हणून हटून बसला. एकाने विचारलं, "पर डाक्टर म्हन्तो गूळ खाल्ला की झालं." सोजर म्हणाली, "गूळ पोटात जातो. बेंझॉल हाडात जातं. दोघांची गाठच पडत नाही." दुसऱ्या पाळीची वेळ होऊन दहा मिनिटं झाली तरी आत कोणी गेलं नव्हतं, तेव्हा मॅनेजर बाहेर आला.

"कोणाच्या परवानगीने चाललंय हे?"

"रस्ता सरकारी आहे, साहेब," सोजर काच बदलत म्हणाली. "तुम्हीही बघा. रांग मागून आहे."

हसू कोणालाच आवरलं नाही. मॅनेजर गेटापाशी जाऊन उभा राहिला आणि तिथूनच बघू लागला.

जाईबाई पहिल्या पाळीत होती. ती गेटाजवळ सगळं ऐकत थांबली होती आणि सगळ्यांच्या शेवटी आली. तिशीची बाई, कोपरापर्यंत हात काळे, पदराच्या टोकाला गाठ. "माझ्या मालकाची कोंची?" तिने विचारलं.

सोजरने खंडूची स्लाइड लावली. जाईबाईने दुसरा डोळा हाताने झाकला आणि बराच वेळ बघितलं.

"ह्यात बी काय न्हाई."

"नाही."

"डाक्टर म्हनला हुता, त्याच्या अंगातच खोट हुती. मी दीड वरीस त्येच धरून बसले. पोरांना बी त्येच सांगितलं, तुमच्या बापात खोट हुती."

आता इथे सोजरला गप्प राहता आलं असतं. परचुऱ्यांचं नाव घेतलं असतं तरी लोकांना पुरलं असतं. पण ती म्हणाली, "खोट त्यांच्यात नव्हती. मी रिपोर्टावर लिहिलं, मोठ्या पेशी पुरेशा आहेत. कडेला न बघता लिहिलं. मी बघितलं असतं तर त्यांना त्याच वेळी त्या खोलीतून काढता आलं असतं. तुम्हीही तिथे गेला नसता."

जाईबाईने तिच्याकडे असं बघितलं की सोजरला वाटलं, आता ही मारेल, आणि मारलं तर बरं होईल. भैरू मध्ये पडायला पुढे सरला. जाईबाईने त्याला हातानेच थांबवलं.

"माझं बघ," ती म्हणाली. "आत्ता, हितं, ह्या समद्यांच्या म्होरं. अन् आता नीट बघ."

"मॅरो इथे काढता येत नाही. रक्त किती वेळात थांबतं ते बघता येईल."

"मग त्ये बघ."

सोजरने पिशवीतून टिपकागद, स्पिरिट आणि दोन सुया काढल्या. आधी स्वतःचं बोट टोचलं. दर अर्ध्या मिनिटाला घड्याळ बघून कागद टेकवला. ठिपके लहान लहान होत गेले आणि सातव्या वेळी कागद कोरा उठला. मग तिने जाईबाईचं बोट स्पिरिटने घासून घासून पुसलं, नखाच्या कडेचं काळं काही निघालं नाही, आणि टोचलं.

पहिला ठिपका, दुसरा, तिसरा. सातवा पहिल्याएवढाच होता. माणसं बाकड्याभोवती दाटली. दहाव्यानंतर कोणीतरी मोठ्याने आकडे म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी ते उचलले. अठरा. एकोणीस. कागदाची एक बाजू भरली, सोजरने तो उलटा केला. विसावा ठिपका कागदातून पलीकडे फुटला. तिने घड्याळ खाली ठेवलं आणि कापूस दाबून बोट बांधायला घेतलं.

"थांब," जाईबाई म्हणाली. तिने कापूस बाजूला केला, दाताने पदराची गाठ सोडली आणि त्यातला गुळाचा खडा काढला. आजचा होता, पोरांसाठी ठेवलेला. तो घेऊन ती रस्ता ओलांडून गेटापाशी गेली. एका हातात गूळ, दुसऱ्या हाताचं बोट वर धरलेलं, रक्त मनगटापर्यंत आलेलं. मॅनेजर एक पाऊल मागे सरला.

"हा घ्या साहेब, तुमचा गूळ," ती म्हणाली. "लावा माझ्या बोटाला. ह्यानं थांबतंय का बघा."

मॅनेजरने हात पुढे केला नाही. जाईबाईने खडा गेटाच्या लोखंडी पट्टीवर ठेवला आणि परत येऊन बाकड्यावर बसली. सोजरने तिचं बोट घट्ट बांधलं. बांधून होईपर्यंत जाईबाईने दुसऱ्या हाताने सोजरचं मनगट धरून ठेवलं.

दुसऱ्या पाळीचा भोंगा पुन्हा एकदा, लांबलचक वाजला. सोल्युशन-खोलीतला एकही माणूस हलला नाही. भैरूने खिशातून आपला कालचा खडा काढून बाकड्यावर ठेवला आणि बाही वर सारली. सोजरने कोरा टिपकागद घेतला, वर त्याचं नाव लिहिलं आणि त्याचं बोट पुसायला घेतलं.